पासपोर्टवरचं गाव

“एकदाही इकडे फिरकला नाही, आणि सांगतो काय, तर मी इथलाच!” माझ्या घरमालकीण रोझमारीबाई भाच्याबद्दल शेजारणीला सांगत होत्या. तो शहरात जन्मला, तिथेच वाढला. पण स्वित्झर्लंडच्या पासपोर्टवर जन्मगाव लिहीत नाहीत, पूर्वजांचं गाव लिहितात. म्हणून त्याच्या पासपोर्टवर डोंगरउतारावरचं हे गाव आहे.

संध्याकाळी ग्रामसभा होती. गाव खालच्या मोठ्या गावात विलीन करायचं का, ते हात वर करून ठरणार होतं. शाळा आधीच बंद झाली होती.

“नावच गेलं तर आम्ही कुठले गं?” शेजारीण म्हणाली. समोरच्या चढावर कुणीतरी गवत कापत होतं.

‘मूळचे कुठले?’ हे आपल्याकडेही विचारतात. कॉन्व्हेंटमध्ये मी पुणे सांगायचे, कारण बाबांच्या गावाचं नाव ऐकून मुली हंबरायच्या. इथे मात्र गावाचं नाव राहावं म्हणून माणसं हात वर करणार होती.

“आणि तू कुठली?” रोझमारीबाईंनी विचारलं.

“म्हैसवाडीची,” मी म्हणाले. “म्हणजे म्हशींचं गाव.”