तिच्या मातीला गायलेला आल्टो

विशीतली मी म्हणजे एक नमुनाच होते. दोन वेण्या, घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेला रुमाल, आणि लोणावळ्याच्या आमच्या चर्चमध्ये आपल्याइतकं गाणं कुणाला कळत नाही ही खात्री. आमची गीतं चार आवाजांत चालत. सोप्रानोच्या बायका मुख्य चाल गात. आम्ही आल्टोवाल्या तिच्या खालून जायचो. आल्टो अवघड, म्हणून मी आल्टोच धरला. सरळ चाल मुद्दाम शिकले नाही. रेल्वे कॉलनीतली माझी शेजारीण मात्र जन्मभर सोप्रानो. तिला मी ऐकवलंही होतं, "चाल काय, मागच्या बाकावरचे म्हातारेसुद्धा गातात."

"ते गातात म्हणून तुझा आल्टो शोभतो, बाई," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

मला वाटलं, जळते.

यंदा पावसाळा संपता संपता ती गेली. खंडाळ्याकडच्या कबरस्तानात आम्ही जेमतेम दहा-बारा जण. मुलगा परदेशात, कुणीतरी मोबाईल शवपेटीकडे तोंड करून धरला होता, त्यात तो. पूर्वी आमच्याकडे कुणाची माती असली की घरून निघाल्यापासून कबर बुजेपर्यंत गाणी थांबत नसत. आता गीतांचं पुस्तकसुद्धा कुणी आणलं नव्हतं. पाळकसाहेब तरुण, तीन गावच्या मंडळ्या सांभाळणारे, तळेगावहून धावत आलेले. त्यांनी छोटा स्पीकर दगडावर ठेवून मोबाईलला जोडला. पहिलं कडवं छान झालं. सगळे हात बांधून ऐकत होते. दुसऱ्या कडव्यात रेंज गेली.

"मावशी, तुम्ही घ्या ना," पाळकसाहेब म्हणाले.

मी घेतलं. शब्द सगळे पाठ. पण तोंडातून आला तो आल्टो. एकाच सुरावर घुटमळणारा, मध्येच पायरीभर खाली उतरणारा. चाल सोबत नसली की ते गाणं वाटतच नाही, कुणी दाढदुखीने कण्हतंय असं वाटतं. चाल आठवायला जावं तर तिचाच आवाज आठवे, आणि तो आठवला की माझा गळा आपोआप त्याच्या खाली जाई. कुणी साथ देईल म्हणून सगळ्यांकडे बघितलं. सगळे आदराने खाली बघत होते.

कबर खणणारा वलवण गावचा भाऊ फावड्यावर रेलून म्हणाला, "मावशी, ह्ये त्ये गाणं न्हाई. त्ये लय ग्वाड व्हतं."

"तेच आहे, भाऊ. अर्धंच उरलंय."

"मंग लोटू का माती?"

"लोटा."

घरी येऊन नातीला सांगितलं. ती हसली. तळेगावकडच्या नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, पोर गुणी. पण चर्चमध्ये येत नाही. "आजी, खोटं खोटं डोळे मिटणं मला जमत नाही," हे तिने मला सरळ सांगितलंय. मी भांडले नाही. डोळे मिटून शेजारणीपेक्षा आपला आवाज किती उठून दिसतो ते बघणारी मी, तिला काय शिकवणार? तिच्या मोबाईलमध्ये अख्खं पवित्र शास्त्र आहे, सगळी गीतं आहेत. तिथून ती कुणाच्या तोंडात येत नाहीत. माझ्यानंतर या घरात जेवणाआधी प्रार्थनेला कुणी थांबणार नाही, हे मला कळून चुकलंय.

"तू आत्ताच गाऊन ठेव," मोबाईल पुढे धरत ती म्हणाली. "तुझ्या वेळेला तेच लावू. रेंजची भानगड नको. चाल मी ॲपवर तयार करून जोडते, म्हणशील त्या आवाजात."

"तिच्या?"

"तिचं रेकॉर्डिंग आहे?"

नव्हतं. जन्मभर कानाशी गात होती, रेकॉर्ड कशाला करायचं?

"मग राहू दे चाल," मी म्हटलं आणि गायले. चारही कडवी. नातीने ते पुन्हा लावून मन लावून ऐकलं.

"छान आहे, आजी. पण हे नक्की कुठलं गाणं?"

माझ्या मातीला ते वाजेल. वलवणचा भाऊ तोवर असलाच, तर पुन्हा म्हणेल, ह्ये त्ये न्हाई. आणि अर्धंच उरलंय, हे सांगायला तेव्हा मातीच्या वर कुणी नसेल.