फुगलेलं झाकण

बू मुर्सिनाह, म्हणजे मुर्सिनाहबाई, जावा बेटावरच्या तुबानच्या बाजारात धुरी दिलेले मासे विकायची. साथीच्या वर्षी बाजार बंद पडला, तेव्हा तिने त्याच माशांचा झणझणीत संबल, म्हणजे मिरचीचा ठेचा करून, बाटल्यांत भरून मोबाइलवर विकायला काढला. वय बावन्न. फोटो काढताना बोट हमखास मध्ये यायचं. तरी दोन वर्षांत आठवड्याच्या दहा बाटल्यांच्या तीनशे झाल्या, आणि शेजारची मी तिच्या स्वयंपाकघरात कामाला लागले. परवाना नव्हता. "काढू गं पुढे," म्हणायची.

एका सकाळी सुरबायाच्या गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. बाटलीचं झाकण फुगून वर आलेलं.

बूने मान वर केली. "रात्मी, मंगळवारच्या बाटल्या किती वेळ उकळल्यास?"

मंगळवारी मोबाइलवर मोठा सेल होता. कुरिअरवाला दारात हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. पाऊण तास उकळायच्या बाटल्या मी लवकर उतरवल्या होत्या.

"दहा मिनिटं, बू."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने सरळ आरोग्य केंद्राला फोन लावला.

आरोग्य केंद्रातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "कुणाला चाखूसुद्धा देऊ नका. असलं विष डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही. माणूस जातो."

बूचा नवरा दर्मो दार लावून घेत म्हणाला, "एकच तर फुगलीय! गप्प राहा. परवाना नाही आपल्याकडे. पोलीस आले तर काय सांगशील?"

"आणि कुणाचं पोर गेलं तर काय सांगू?"

त्या खेपेतल्या सत्त्याऐंशी बाटल्या. तिने एकेकाला लिहिलं: खाऊ नका, फेकून द्या, चूक आमची आहे. निम्मं मीच लिहिलं. शिव्या आल्या, धमक्या आल्या. शहाऐंशी उत्तरं आली. मकास्सरच्या लातिफ नावाच्या गिऱ्हाइकाचं काही येईना. बाटली मात्र पोचल्याचं दिसत होतं.

चार दिवस. त्याचा फोन लागत नव्हता. आमचा फोन वाजला की बू तो माझ्याकडे सरकवायची, "तू बघ." मला तर कधी न पाहिलेल्या घरात, जमिनीवर पडलेला माणूस दिसायचा. त्याच्या शेजारी उघडी बाटली.

पाचव्या दिवशी तिने मकास्सरच्या कुरिअर कचेरीत हातापाया पडून एका माणसाला त्या पत्त्यावर धाडलं. तासाभराने त्याचा फोन आला. "घराला कुलूप आहे, बू. म्हातारा लेकीकडे गेलाय, बेटावर, तिथे फोन लागत नाही. खोकं शेजाऱ्यांकडे पडलंय. न फोडलेलं."

बू फोन छातीशी धरून हमसून हमसून रडली.

आरोग्य खात्याने दुकान महिनाभर बंद ठेवायला लावलं, मोबाइलवर गिऱ्हाइकांनी दिलेले तारे पाचावरून तिनावर आले. त्या महिन्यात तिने खात्याचं प्रशिक्षण घेतलं, परवाना काढला. आता दिवसाला चाळीसच्या वर बाटली भरत नाही, सेल असो की सण.

मला तिने काढलं नाही. पण मी पातेल्याजवळ उभी असले की ती स्टूल ओढून घड्याळासमोर बसते, आणि पाऊण तास भरेपर्यंत उठत नाही.