खड्याचा वास

भरमूकाका मेला तेव्हा येळ्ळूरची निम्मी आळी रडली. मी रडले नाही, आणि ते लपवलंही नाही. सख्खा चुलता म्हणून तोंडदेखलं रडणं मला जमलं नाही.

काका बेळगावात डॉक्टर उपेंद्ररावांच्या दवाखान्यात शिपाई होता. गावात आला की अर्धा डॉक्टर होऊन बोलायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

डॉक्टर मूतखडे कापून काढायचे. चाकूच्या भीतीनं माणसं आधी खानापूरकडच्या परशरामकडे जायची. हा लबाड रोग्याच्या बेंबीला तोंड लावून चोखायचा आणि वाटीत खडा थुंकायचा. कळ काही थांबायची नाही. मग तोच खडा घेऊन माणसं डॉक्टरांकडे यायची, आणि डॉक्टर तो सगळ्यांदेखत निखाऱ्यावर ठेवायचे. "मूतखडा नुसता दगड नसतो," ते सांगायचे. "अंगातला चिकट अंश त्याच्या थराथरात असतो. जाळला की केस जळल्याचा वास येतो." एकदा त्यांनी खरा खडा तेजाबात घालून काकाला दाखवला होता. दगड विरघळला आणि तळाशी त्याच आकाराची मऊ, गिळगिळीत साल उरली. परशरामचे खडे निखाऱ्यावर नुसते तडकायचे. ओढ्यातले गोटे ते, त्यांना कसला वास!

बिंग फुटायला लागलं तसा परशराम काकाला गाठून बसला. कापून काढलेले खडे फेकायचं काम काकाकडं होतं. काका ते फेकायचे सोडून परशरामला पोचवू लागला. कशाच्या बदल्यात? निपाणीच्या तंबाखूच्या. चिमटीभर तंबाखूसाठी त्यानं खोट्याला खऱ्याचा वास दिला.

चौतीस साली माझ्या वडिलांना, आप्पांना, तीच व्याधी जडली. डॉक्टरांनी कापायला सांगितलं. आप्पा घाबरले आणि कुणाला न सांगता परशरामकडे जाऊन आले. वाटाण्याएवढा खडा त्यांनी डॉक्टरांपुढं ठेवला. निखारे काकानंच आणले. मी आप्पांच्या शेजारी उभी होते. खोलीभर केस जळल्याचा वास सुटला.

डॉक्टर चकित झाले. "खडा आपोआप पडला असेल, परशराम फुकटचं श्रेय घेतोय," ते म्हणाले. तरी लघवीच्या वाटेनं सळई घालून आत खडा लागतो का ते एकदा बघू या, असं त्यांनी सुचवलं.

"आता आणि काय बघताय? खडा तर तुमच्या म्होरं जळतोय," आप्पा म्हणाले.

काका घमेलं धरून उभा होता. तो खडा कुणाच्या पोटातला हे त्या खोलीत त्याला एकट्याला ठाऊक होतं. तो निखारे टाकायला बाहेर गेला.

महिन्याभरात आप्पांची लघवी तुंबली. अंगात ताप भरला. काका धावत घरी आला.

"अण्णा, गाडी जुंपतो. दवाखान्यात चल. खडा आत हाय अजून."

"कशावरनं?" आप्पांनी विचारलं.

काकानं टोपी काढून खाली ठेवली.

"डॉक्टरनं तुझ्यादेखत जाळला न्हवं? वास आलता का न्हाय?"

"आलता."

"मग? मला उगंच कापून घ्यायचं न्हाय. जा तू."

एक वाक्य बोलायचं होतं त्याला. आई, मी, आप्पा, तिघंही त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं टोपी उचलली आणि गेला.

आप्पा पाचव्या दिवशी गेले. फार हाल झाले त्यांचे.

बाराव्याला काकानं आईच्या पायावर डोकं ठेवून सगळं ओकून टाकलं. आईनं पाय मागं ओढून घेतले. मग म्हणाली, "त्या दिवशी सांगितलं असतंस तर काय झालं असतं रं?"

"नोकरी गेली असती, वैनी."

ती नोकरी त्यानं पुढं अकरा वर्षं केली.