कासवाचे कोटी आणि कंपनीचे काका

मला वाचवलं ते कंपनीच्या काकांनी, हे आधी सांगून टाकते. कशातून वाचवलं ते पुढे येईलच. पण नाव पहिल्यांदा घेतलेलं बरं, नाहीतर त्यांच्या संशयाच्या गोष्टी सांगता सांगता उपकारच राहून जायचे. कारण काकांइतका संशयी माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात झालेला नाही, आणि हे वाक्य त्यांच्यासमोर बोलले असते तर त्यांनी लगेच विचारलं असतं, "जिल्हा कुनी हिंडून बघितला?"

मी सोलापुरातल्या एका जुन्या सिंगल स्क्रीन थिएटरच्या दारावर तिकिटं फाडते. गाव माझं भंडाऱ्याच्याही पलीकडे, वैनगंगेच्या काठावर. शाळा आठवीत सुटली. पुढे भावाबरोबर रस्त्याच्या कामावर इतक्या लांब आले. रस्ता संपला, भाऊ पुढच्या रस्त्यावर गेला आणि मी या दारात राहिले. काका म्हणजे पुण्याच्या सिनेमा वितरक कंपनीचा माणूस. तिकिटांच्या पैशातला वाटा वितरकाला द्यावा लागतो. थिएटरवाल्यांनी विक्री लपवू नये म्हणून पूर्वी प्रत्येक वितरक आपला एक माणूस लक्ष ठेवायला बसवायचा. आता सगळे आकडे कॉम्प्युटरवर दिसतात, त्यामुळे तशी माणसं राहिली नाहीत. काका तेवढे राहिले होते. "कॉम्प्युटरला तिकीट दिसतंय," ते म्हणत, "मानूस मलाच दिसतोय."

पहिल्या दिवशी त्यांना माझाच संशय आला. बोलताना मी 'हो'च्या जागी 'हव जी' म्हणाले. इकडे असं कुणी बोलत नाही. जी जी करणारी माणसं काहीतरी लपवत असतात, असं त्यांनी मॅनेजरला मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात सांगितलं. मग माझा डबा उघडायला लावला. डब्यात भात. दुसऱ्या दिवशीही भात. तिसऱ्या दिवशी त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "भाकरीच्या गावात राहून दोन्ही वेळेला भात. कारण काय?" आमच्याकडे धानच पिकतो, हे त्यांना पटायला बरेच दिवस लागले. एकदा मंडईत मी वांगी घेत होते, तर कलिंगडांच्या ढिगामागे काकांची टोपी दिसली. मी काय घेते, नोट केवढी मोडते, हे बघायला माझ्या मागे आले होते. मी बघितल्यावर त्यांनी एक कलिंगड उचललं, त्याच्यावर टिचकी मारली आणि कलिंगडाचाही संशय आल्यासारखं परत ठेवलं.

शो सुटला की ते खुर्च्यांवरून हात फिरवत जात. खुर्ची गरम म्हणजे तिथे माणूस बसला होता. मे महिन्यात सोलापुरात रिकामी खुर्चीही गरम असते, त्यामुळे तो महिना त्यांना फार त्रासाचा जाई. शो चालू असताना मात्र ते पडद्याच्या कडेला, पडद्याकडे पाठ करून स्टुलावर बसत आणि प्रेक्षक बघत. आयुष्यभर सिनेमाच्या धंद्यात असलेल्या या माणसाने सिनेमा असा कधी पाहिलाच नव्हता. पाहिली ती उजेड पडलेली तोंडं. कुठे हसतात, कुठे डोळे पुसतात, यावरून सिनेमा किती आठवडे चालेल ते सांगत. लोक उठून गेले की मगच ते वळत. तेव्हा पडद्यावर शेवटची नावं वर सरकत असायची, तेवढा त्यांचा सिनेमा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे कासवाचा सिनेमा लागला. सगळा कॉम्प्युटरवर काढलेला, घर हरवलेल्या एका कासवाचा. त्याला इतके इतके कोटी खर्च आला असं पेपरात आलं आणि काकांना जेवण जाईना. "नट न्हाय, नटीची आई न्हाय, घोडे न्हाईत, मोटारी उडवल्या न्हाईत. कासव काय मागतंय? मग कोटी गेले कुटं?" येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते हे विचारत. चहावाल्याने सांगितलं की पाणी खरं वाटावं म्हणून फार खर्च येतो. त्यावर काकांनी बराच विचार करून, चित्रातल्या पाण्याला बिल येतं यात नक्की कुणाचा तरी मेहुणा असणार, असं मत दिलं.

पण पहिला शो सुटला, लोक गेले, काका वळले, आणि नावं संपेचनात. एरवी ते नावांतही निर्मात्याचे भाऊबंद शोधायचे. त्या दिवशी मी झाडूवाल्या मावशींना आत सोडायला गेले तर काका स्टुलावर तसेच, मान वर करून. कवच रंगवणारी माणसं वेगळी, सावल्या काढणारी वेगळी, पाण्याची तर गावंच्या गावं. शेवटी पडदा काळा झाला. काका म्हणाले, "एवढी मान्सं पगारावर हुती, बाई. खर्च खराच असंल." मग जरा थांबून, "आन् त्यो समदा तुमच्या दारातनं परत यायचा हाय." तेव्हापासून मला तिकीट फाडताना हात जड वाटायला लागला.

दारातून मात्र भलतंच आत येत होतं. तीन वर्षांखालचं मूल मांडीवर घेतलं तर तिकीट लागत नाही. कासव लागल्यापासून सोलापुरातली सगळी मुलं तीन वर्षांखालची झाली. आया भर मे महिन्यात पोरांना चादरीत गुंडाळून कडेवर आणत. चादरीखाली पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत. वय विचारलं की अडीच. चादर का, तर आतल्या एसीत पोराला सर्दी होते. एसी बंद पडून वर्षं झाली होती. मी अडवायला गेले तर मॅनेजरने दटावलं, फॅमिलीशी वाद घालायचा नाही. काका मात्र चादरीजवळ तोंड नेऊन प्रेमाने विचारत, "बाळ, कितवीत?" आणि आतून अभिमानाने उत्तर येई, "तिसरीत गेलो!" आईचा चेहरा पडे. मग काका पोराला आ करायला लावत. पुढचे दात दुधाचे निघाले तर म्हणत, "दुधाचे हायत. सोडा." तिसरीतल्या पोराचे दुधाचे दात कसे, याचा संशय मला यायचा.

आणि रविवारी ते झालं. कुणीतरी भरलेल्या हॉलचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. पुण्याला वितरकाने तो बघितला आणि विक्री बघितली: हॉल गच्च, गल्ला निम्मा. फोन आला. मॅनेजरने मला ऑफिसात बोलावलं आणि माझ्यासमोरच फोनवर सांगितलं की दारावरची बाई बाहेरगावची आहे, रोख घेऊन आत सोडत असेल, आजच काढून टाकतो. फॅमिलीशी वाद घालू नको म्हटलं होतं, हे तो विसरला. चोरीचा आळ घेऊन गावी परत जायचं, तर आईला सांगणार काय?

कोपऱ्यातून काका उठले. मॅनेजरच्या हातातून फोन घेतला. "साहेब, हॉल गच्च हाय, खोटं न्हाय. निम्मा हॉल मांडीवर बसून आत येतोय आन् अंधार झाला की मांडीवरनं उतरतोय. त्यातलं काई मी सोडलंय. कापायचं तर माझ्या पगारातनं कापा." मग माझ्याकडे न बघता, "आन् ह्या बाईवर मी पहिल्या दिवसापासनं संशय घेतोय. डबा बघितला, पिशवी बघितली, बाजारात मागं फिरलो. भात खाती. हिच्यावरचा माझा संशय संपला, साहेब." फोन ठेवला आणि मॅनेजरला म्हणाले, "तुमच्यावरचा चालू हाय."

माझी नोकरी राहिली. आयुष्यात माझ्याकडे इतकं निरखून दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी वितरकाने माणूस ठेवणं बंद केलं. काका होटगीला लेकीकडे राहायला गेले. शेवटच्या दिवशी स्टूल माझ्याकडे देताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते कासव शेवटी घरी पोचतंय का वो?"

"माहीत नाही जी," मी म्हटलं. "मी तर दारात असते."

त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग पटलं असावं. "म्हंजे दोघं बी तसंच ऱ्हायलो की," म्हणाले आणि गेले.

आता कुठे ना कुठे नवीन कार्टूनचा सिनेमा येतोच, आणि होटगी काही लांब नाही. माझ्या पगारातून, खिडकीवर रांगेत उभी राहून, मी दोन तिकिटं काढणार आहे आणि काकांना घेऊन येणार आहे. ते तिकीट उजेडात धरून बघतील, खरंच विकत घेतलं का विचारतील, विचारू देत. दिवे गेले की त्यांची मान सवयीने मागे वळेल. मागची माणसं मी बघते, काका, तुम्ही पुढे बघा, असं मी त्यांना म्हणणार आहे.