नव्या डिस्कला जुना वास

पडेगावात नव्या इमारती उठत होत्या आणि नळ कोरडे होते, त्या वर्षांत माझा जुना लॅपटॉप मी दुरुस्तीवाल्या एका काकांच्याच दुकानात न्यायचो. त्यांचं घराणं मेंढपाळांचं. लॅपटॉप उघडण्याआधी ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "दमलीय लई."

एका दुपारी माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. त्यांनी रॅम वाढवली, जुन्यातलं सगळं नव्या वेगवान डिस्कमध्ये उतरवलं. मग जुन्या डिस्कवरचं मळकं लेबल सोलून नवीवर चिकटवलं.

"काका, ह्यानं काय होणार?"

"परकं कोकरू मेंढी पाजत नाय, सर. तिच्या पिल्लाचा वास लावावा लागतो."

"पण ही मशीन आहे!"

"मंग? तिला काय नाक नाय?" त्यांनी पंख्याच्या जाळीकडं बोट दाखवलं.

मी कॉम्प्युटरचा पदवीधर, घरातला पहिलाच. हसू दाबलं. त्यांनी बटण दाबलं, पण पडदा काळाच राहिला.

"तुम्ही बोला तिच्याशी. तुमचा आवाज वळखती."

चार गिऱ्हाइकांसमोर मी वाकलो आणि जाळीपाशी म्हणालो, "घे गं बाई, घे."

पडदा उजळला.

"आता गलका नको," ते कुजबुजले, "पाजू द्या."

मुलाखत तासावर आली होती, तरी मीही गप्प बसलो.