जावयाच्या वाणातला दिवा

आमच्या घरात वर्षभर एका शब्दाला बंदी होती. जावई. साखरपुडा झालेला, कार्यालय ठरलेलं, माझ्या कुडत्याचं माप शिंप्याकडे पोचलेलं, आणि एका संध्याकाळी मुलाकडच्यांचा फोन आला की आमचं जमत नाही. त्या दिवसापासून मुलगी बोलायची थांबली. रडली असती तर मी समजावलं असतं, भांडली असती तर मी हरलो असतो. ती नुसती थांबली. "जेवलीस?" "हो." "येतेस बाहेर?" "नको." गणपतीतल्या नाटकांत मी आजवर इतके खलनायक केलेत, की पनवेलच्या बाजारात लहान मुलं अजून मला बघून आईच्या मागे लपतात. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. घरात मात्र तो एका बंद दाराशी जाऊन परत यायचा.

मग एक दिवस ती काचेची मोठी पेटी घेऊन आली. पेटीत वाळू, झाडाच्या सालीचे तुकडे, वर उबेचे दिवे आणि मधोमध एक सरडा. मूळ ऑस्ट्रेलियातला, रीतसर कागदपत्रं केलेला, हनुवटीखाली काट्यांची दाढी असलेला. बायको म्हणाली, "पाल ती पालच," आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी त्याच्यासमोर बसलो. त्याने मान तिरकी करून मला नखशिखान्त न्याहाळलं, मानपानात काय काय मिळेल याचा अंदाज घेत असावा तसं. माझ्या तोंडून निसटलं, "या जावईबापू, या. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मी जीभ चावली. आणि मुलगी हसली. आधी नाकातून, मग पोट धरून. म्हणाली, "बाबा, याला पाय धुवायला पाणी दे आता." वर्षभरात तिने उच्चारलेलं ते पहिलं लांबलचक वाक्य.

तेव्हापासून तो जावई. मी त्याला अहोजाहो करायचो, मुलगी त्याच्या वतीने रुसायची, "भाजी आवडली नाही म्हणतायत." सरड्याच्या निमित्ताने आमच्याकडे पुन्हा बोलणं सुरू झालं. म्हणून त्या प्राण्याच्या जिवाला मी स्वतःच्या जिवापेक्षा जपत होतो. त्याच्यावर माझं प्रेम होतं असं नाही. पण तो गेला तर ते दार पुन्हा लागेल, अशी मला धास्ती होती.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी मुलीला कंपनीने प्रशिक्षणासाठी बंगळुरूला पाठवलं. जावयासाठी ती रातकिडे पार्सलने मागवायची. मुद्दाम पैदास केलेले, स्वच्छ, डब्यात किर्र करणारे. ती गेली आणि पार्सल वाटेत अडकलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आपल्या मागच्या बागेतले किडे चालतील बाबा, आपण औषध फवारत नाही. पण एकही किडा मला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. आधी फोटो, मग त्याचं तोंड."

झालं. माझ्या आयुष्यात कीटकपर्व सुरू झालं. सकाळी चष्मा, वाटी आणि फोन घेऊन मी जास्वंदीखाली ओणवा. फोटो पाठवायचा, निकालाची वाट बघायची. नाकतोडा? चालेल, पण फार मोठा नको. रातकिडा? उत्तम. केसाळ सुरवंट? अजिबात नाही, घशात केस टोचतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोंडस भुंगा? नाही बाबा, तो कडू असतो. पैशासारखा गुंडाळून बसणारा वाणी? "लांब ठेव. तो विष सोडतो." मुंगळा? "चावेल." हिरवा ढेकूण? "बाबा, वास घेऊन बघ आणि तूच ठरव." मी वास घेतला आणि दिवसभर जेवलो नाही. एकूण माझ्या लक्षात असं आलं की आपण ज्या सगळ्यांना 'किडा' म्हणून चपलेने मारतो त्यांत निम्मे सज्जन आणि निम्मे विषारी, आणि दिसायला विषारी जास्त देखणे. नाटकातही असंच असतं.

या शिकारीत माझी साथीदार होती शेजारची मावशी. तिची शेतं विमानतळाच्या कामात गेली, पण घरामागे गवताचा एक मोठा तुकडा तिने हट्टाने मोकळा ठेवलाय. जावयाची थट्टा सगळ्या आळीत तिनेच सर्वांत जास्त उचलून धरली होती. कुंपणावरून विचारायची, "भाऊ, जावाय जेवला का?" मी म्हणायचो, "जेवले, पण पोट भरलं नाही. सासुरवाडी गरीब आहे." ती म्हणायची, "आळीच्या जावयाला उपाशी ठेवाल तुमी."

आणि यंदा आला अधिक महिना. धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, धोंडे करून घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. मावशी एकदा म्हणालीही, "यंदा तुमच्या जावयाला वान द्यायला पायजे हां." मी हात जोडून कमरेत वाकलो. मला वाटलं, थट्टा आहे.

त्या दिवशी सकाळी मी केस कापायला गेलो होतो. परत आलो तर मावशी आमच्या दिवाणखान्यात, बायको तिला चहा देतेय, आणि पेटीवर एक रिकामं स्टीलचं ताट. रुमाल बाजूला पडलेला.

"दिलं वान," मावशी म्हणाली. "आवडीनं खाल्लं बघा. वैनींनीच झाकन काढलं."

"तुम्ही रोज देता तेच ना?" बायको मला म्हणाली. "नाकतोडे होते. मी बघितलं."

पेटीत अजून चार-पाच किडे इकडेतिकडे पळत होते. जावईबापू दगडावर पोट टेकून तृप्त. नियम मोडला होता, पण नाकतोड्यांनी मोडला होता, असं मनाला समजावत मी पेटीचा फोटो काढला आणि 'वाण पोचलं' असं लिहून मुलीला पाठवला.

फोन लगेच वाजला.

"बाबा, उजव्या कोपऱ्यात काय आहे?"

मी वाकलो. सालीवर बसलेला करडा, लांबट किडा. मऊसर पंख, डोक्यावर फिकट ढाल. इतका सामान्य की बघून लगेच विसरावा. "हा ना? काहीतरी भुंगा आहे. चेहरा गरीब आहे."

"पोटाची बाजू दाखव."

मी त्याला काडीने उलटा केला. पोटाच्या टोकाला पांढुरका पट्टा. फोटो पाठवला. पलीकडून काही आवाज आला नाही. मला ती शांतता ओळखीची होती. वर्षभर ऐकली होती मी ती.

"मावशी," मी विचारलं, "हा कोण?"

"ह्यो?" मावशी कौतुकाने म्हणाली. "अवो, ह्यो दिवा हाय!"

"दिवा?"

"काजवा वो. वानात दिवा नको? दिव्याबिगर वान पुरं व्हतं का? तुमचा जावाय किडं खातो, मंग दिवाबी किड्याचाच पायजे. काल संध्याकाळी गवतातनं धरलं."

फोन स्पीकरवर होता. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, काजवा खाल्ला तर हे सरडे वाचत नाहीत. एक पुरतो. एवढासा एक."

मी तो काजवा चिमटीत धरून वाटीखाली कोंडला. मग माझ्या डोक्यात मावशीचा शब्द पुन्हा वाजला. धरलं. धरला नव्हे.

"मावशी, किती आणले होते?"

"जोडी," मावशी म्हणाली. "शुभ कामाला एकटा दिवा नेत्यात काय?"

पेटीत दुसरा काजवा नव्हता. आम्ही साली उचलल्या, दगड उचलले, वाळूत बोटं फिरवली. तीन मोठी माणसं काचेच्या पेटीत डोकी घालून. करडा किडा, करडी साल, करडी वाळू. नाकतोडे सापडले, एक रातकिडा सापडला, माझ्या चष्म्याचा हरवलेला स्क्रू सापडला. काजवा नाही. आणि जावयाची दाढी काळी पडायला लागली होती.

खारघरच्या जनावरांच्या डॉक्टरांना मुलीनेच दुसऱ्या फोनवरून गाठलं. त्यांचं म्हणणं तिने जसंच्या तसं आम्हाला सांगितलं, आवाजात एकही चढउतार नव्हता. दाढी भीतीनेही काळी होते, विषानेही. तोंड वासायला लागला, डोकं झटकायला लागला, तर लगेच घेऊन या. पण खरं सांगायचं तर पोटात गेला असेल तर आमच्या हातात फारसं काही नाही. उबेत ठेवा. दगदग करू नका. बघत राहा.

"बघत राहा," मी म्हणालो. "ठीक आहे."

बायकोने टॉवेल आणला. लग्न होऊन आली तेव्हापासून पालीच्या नावाने खुर्चीवर चढणारी बाई. तिने त्याला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं, म्हणाली, "थंड लागतोय हो हा." मावशी जमिनीवर बसली होती. तिचा चहा तसाच. "मी चांगल्यासाठी क्येलं, भाऊ," ती म्हणाली. मी म्हणालो, "हो मावशी." जावई हा शब्द तिच्या तोंडी घालणारा मीच. तिने तो खरा मानला, एवढंच.

मी पुन्हा पेटीत हात घातला. तीच साल चौथ्यांदा उलटी केली.

"अहो," बायको म्हणाली, "दिवा आहे ना तो? मग दिवा दिवसाउजेडी कसला शोधताय?"

आमच्या घरात उजेड नाही अशी एकच जागा, बाथरूम. तिला खिडकी नाही, नुसता पंखा. मी आणि मावशीने पेटी उचलून आत नेली, कमोडवर टेकवली. बायको सरड्याला घेऊन कोपऱ्यात, बादलीला लागून. दाराखालच्या फटीत पायपुसणं कोंबलं. फोन माझ्या खिशात, चालू. नाटकात पडदा उघडायच्या आधी असतो तसा मिट्ट काळोख झाला.

"दिसतंय काही?" खिशातून मुलगी.

"डोळे सरावू दे."

पेटीत काळोख. मी काचेवर टिचकी मारली. मावशी पुटपुटत देवाला हाक मारत होती. मी दुसऱ्या बाजूने टिचकी मारली. काही नाही. पेटीत काजवा नव्हता. म्हणजे तो जिथे असायला नको तिथेच होता. हे वाक्य माझ्या मनात पूर्ण झालं आणि मला ते मोठ्याने म्हणता येईना.

"बाबा?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

आणि कोपऱ्यात, बादलीच्या वर, माणसाच्या उंचीवर, एक हिरवट ठिपका लागला. विझला. पुन्हा लागला. गजरा माळतात तिथे, बायकोच्या अंबाड्यात. पेटीत वाकून शोधताना कधीतरी तो केसांवर चढला असणार.

"काय झालं?" बायको म्हणाली. "असे श्वास काय घेताय? माझ्यावर आहे का काही? अहो, काय आहे माझ्यावर?"

"बाबा, बोल ना," मुलगी म्हणाली. "गेला का तो? बाबा, काहीतरी बोल, प्लीज."

मला खरोखर बोलता येत नव्हतं. मावशीने अंदाजाने माझ्या खिशात हात घालून फोन ओढला.

"बाय, तुझा नवरा जित्ता हाय!" ती ओरडली. "दिवा तुझ्या आयशीच्या डोक्यात हाय!"

फोनमधून एक आवाज आला, हसण्याचा म्हणावा तर तुटका, रडण्याचा म्हणावा तर मोठा.

"मग बाबा का बोलत नाहीये?"

"ते ऐकतायत," बायको काळोखातून म्हणाली. "तू बोल."

आणि ती बोलली. आधी किड्यांबद्दल, नियमाबद्दल, फोटो न पाठवता झाकण काढण्याबद्दल. मग तिचा आवाज चढला. तुला सगळ्याची गंमतच वाटते, बाबा. लग्न मोडलं तेव्हाही तू त्याच्या आईची नक्कल करून दाखवायचास मला, दाराबाहेर उभा राहून. मी आतून ऐकायचे. मला हसायचं नव्हतं. मला कुणीतरी गप्प माझ्याजवळ बसायला हवं होतं. मग त्या मुलाचं नाव तिने घेतलं, पहिल्यांदाच, आणि नकाराच्या त्या फोनच्या आधी दोघांत काय काय झालं होतं ते सांगायला लागली, जे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

सरडा टॉवेलात हलला. ठिपका लागला, विझला. मावशी माझ्या कानात पुटपुटली, "भाऊ, आता लाईट लावू का?" आणि तिचा हात भिंतीवर बटण चाचपायला लागला.

बायकोने तो अंधारातच पकडून ठेवला.