पट्टे वढून घ्या
डांबरगोळ्यांचा वास आला की तीर्थपुरीतलं ते कापडाचं दुकान आठवतं आणि डोकं फिरतं. नववीत होते. तिथूनच आणलेली ब्रा पाठीवर सैल पडायची, म्हणून आई मला घेऊन बदलायला गेल्ती. दुकानदाराच्या गळ्यात टेप लटकत होती, पण मेल्यानं माझं माप नजरेनंच घेतलं, सावकाश, आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत ओरडला, "छत्तीसच बराबर हाय. पट्टे वढून घ्या!" आई मान खाली घालून म्हणाली, "चल." मंग वर्षानुवर्षं मी पट्टेच ओढले. भार छातीखालच्या पट्टीनं पेलायचा असतो, हे कळेपर्यंत खांद्यांवर वळ पडले. परवा लेकीला जालन्यातल्या दुकानात नेलं. तिथलाही तसाच बघायला लागला. मी पर्समधली टेप त्याच्यासमोर आपटली. "डोळे खाली. माप मी सांगते."